सासूबाईंचा ट्रॅक्टर आणि माझी शास्त्रीय पद्धत

“हे शास्त्रीय पद्धतीने बघायला हवं,” असं मी म्हणालो तेव्हा माझ्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. तिसरा हात असता तरी तो ट्रॅक्टरला लावायचा माझा विचार नव्हता. सकाळी सकाळी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. पण खाली अंगणात सासूबाई ट्रॅक्टरवर बसल्या होत्या. त्यांनी किल्ली फिरवायची थांबवली, गॅलरीकडे मान वर केली आणि म्हणाल्या, “मग बघा की.”

सासूच्या घरात वरच्या मजल्यावर जावयाने राहावं की नाही, यावर लोकांची दोन मतं असू शकतात. माझ्या ओळखीच्या लोकांत मात्र एकच आहे. त्यामुळे खालून “बघा की” असं आलं की मला खाली उतरावंच लागतं. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. माणूस आला आणि माणूस गेला, या दोन्हींची मला बारकाईने माहिती आहे. मधल्या काळात माणसं ट्रॅक्टर कसा चालवतात, हा माझ्या खात्याचा विषय नव्हे.

सासूबाईंचा मात्र तोच विषय आहे. घरामागे त्यांची फळबाग आहे. ती नांगरायची, फवारायची, फळांचे क्रेट भरून बाजारात न्यायचे, हे सगळं त्या आणि त्यांचा तांबडा ट्रॅक्टर मिळून करतात. तांबडा आपलं म्हणायचं. उन्हाने तो आता विटकरी झाला आहे. बाजारात त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, ‘ट्रॅक्टरवाल्या बाई’ म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्या सीटवर आजवर दुसरं कोणी बसलेलं नाही. माझ्या बायकोनेही लहानपणी मडगार्डवर बसूनच हौस भागवली.

आणि आता या ट्रॅक्टरने सकाळी उठायला नकार दिला होता. दुपारी, एकदा गरम झाल्यावर, त्याची काही तक्रार नसायची. किल्ली लावली की सुरू. पण रात्रभर शेडमध्ये उभा राहिला की सकाळी सेल्फ मारून मारून सासूबाईंचा अंगठा दुखायचा. घर्र घर्र घर्र, मग थांबायचं, परत घर्र घर्र घर्र. शेवटी कधीतरी एखादा ठोका पडायचा, मग दुसरा, आणि मग अख्ख्या गल्लीवर उपकार केल्यासारखा तो सुरू व्हायचा. त्यात परिवहन कार्यालयाची नोटीस आली. जुन्या वाहनांची घरी येऊन तपासणी होणार. सकाळी, इंजिन थंड असताना, वाहन तपासनिसासमोर आपलं आपण सुरू झालं पाहिजे. नाही झालं तर नोंदणी रद्द आणि वाहन भंगारात.

“भंगारात म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे तसं नाही,” मी म्हणालो. प्रत्यक्षात तसंच होतं.

फडकं घेऊन सासूबाईंनी बॉनेट पुसायला घेतलं, आणि जिथे पुसून झालं होतं तिथेच बराच वेळ पुसत राहिल्या. माझ्या तोंडून ‘शास्त्रीय पद्धत’ निघाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या फडक्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता, असं मी म्हणणार नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिले आले कॅप्टन. हे गृहस्थ आयुष्यभर नदीवरच्या लाँचची तिकिटं फाडत होते. लाँच चालवणं सोडाच, त्यांना पाण्याची भीती वाटते. पण टोपी घालतात, म्हणून कॅप्टन. “बॅटरी,” ते फाटकातूनच म्हणाले. “साहेब, डोळे मिटून सांगतो, बॅटरी.” मग स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून आणली, ट्रॅक्टरला जोडली आणि टर्मिनलला ग्रीस चोपडलं. तेवढंच ग्रीस माझ्या शर्टालाही लागलं. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, आणि बॅटरी परत बसवल्यावर कॅप्टनांची गाडीही सुरू झाली नाही. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की तुमच्या ट्रॅक्टरचा रोग माझ्या गाडीला लागला.

बॅटरीचा प्रश्न खरं तर शेजारच्या गायनाच्या बाईंनी आधीच निकालात काढला होता. त्यांचा क्लास आणि आमचा सेल्फ यांची वेळ एकच. “अहो, तुमच्या ट्रॅक्टरचा सूर रोज पेटीच्या काळी दोनला लागतो,” त्या मला म्हणाल्या. “पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. माझ्या मुली त्याच्यावर सा लावायला लागल्यात.”

त्यांची ही तक्रार होती. मी माफी मागून घरी आलो आणि जिन्यात थबकलो. बॅटरी मरत असेल तर सेल्फचा सूर खाली यायला हवा की नाही? तो येत नाही, म्हणजे सेल्फ जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत आहे. शास्त्रीय पद्धतीचा पहिला निष्कर्ष मी असा जिन्यात उभं राहून काढला आणि मला माझाच जरा आदर वाटला. घरात दुसऱ्या कोणाला वाटला नाही.

मग आले मिस्त्री. आमचे मिस्त्री दोन शब्दांत बोलतात आणि दोन्ही शब्द महाग पडतात. “एअर धरलीय,” ते म्हणाले. म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे. त्यांनी फिल्टरची वाटी उघडून धुतली, परत बसवली, पंपाचा स्क्रू सैल करून हवेचा फेस बाहेर काढला, आणि ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत घर्र घर्र. मिस्त्री परत आले, परत एअर काढली, परत चहा झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी शब्द बदलले. “इंजिन खोला,” ते म्हणाले.

“पण हवा शिरते कुठून?” मी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे, मग माझ्या चपलांकडे पाहिलं. “साहेब, शेडची फरशी बघा. थेंब सांडलाय कुठं? गळत नाही म्हणजे लाइन ठीक. आता रिंग-पिस्टन गेलं असं समजा.” एवढं सलग बोलून ते दमले आणि तिसरा चहा पिऊन गेले.

फरशी खरोखरच कोरडी होती. ते माझ्या चपलांकडे का पाहत होते, हे मात्र मला आजतागायत कळलेलं नाही.

इंजिन खोलायचं तर तपासणीच्या आत होणं शक्य नव्हतं. म्हणून मी मुदत मागायला परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीच्या आतल्या बाजूला बसण्यात माझी उमर गेली आहे. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर माणूस किती बुटका दिसतो हे मला त्या दिवशी समजलं. आतला लिपिक सभ्य होता. म्हणाला, मुदत मिळेल, पण वाहन नादुरुस्त आहे असा मिस्त्रीचा दाखला लागेल.

“आणतो,” मी म्हणालो.

“पण तसा दाखला आला की वाहन नादुरुस्त ठरतं,” तो म्हणाला. “नादुरुस्त वाहनाला मुदत नाही.”

“मग मुदत कोणत्या वाहनाला मिळते?”

“दुरुस्त.”

मी स्वतः लोकांना अशी उत्तरं दिलेली असल्यामुळे मला राग आला नाही, उलट जरा कौतुकच वाटलं. इतकं बिनतोड मला कधी जमलं नव्हतं.

मुदत नाही म्हटल्यावर बायको म्हणाली, “अहो, ओढून सुरू करून बघा. निदान इंजिनात जीव आहे का ते तरी कळेल.” कल्पना चांगली होती. पाण्याच्या टँकरवाल्याला गाठलं, त्याच्या टँकरला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. टँकर फाटकाबाहेर गल्लीत, ट्रॅक्टर अंगणात, सीटवर सासूबाई, आणि फाटकाच्या खांबाला टेकून, सगळ्यांना सूचना देत, मी. टँकर हलला, ट्रॅक्टर हलला, सासूबाईंनी क्लच सोडला आणि इंजिनाने असा काही जीव दाखवला की ट्रॅक्टर दोराच्या पुढे निघाला. मी बाजूला झालो. खांबाला होता आलं नाही.

खांब पडला, त्याच्याबरोबर फाटक पडलं, फाटकाखाली गायनाच्या बाईंची पाण्याची नळी होती, ती फुटली. टँकरवाला होता म्हणून त्यांना त्या दिवशी पाणी मिळालं. त्याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले. माझे मानले नाहीत.

फाटक आडवं पडल्यामुळे ट्रॅक्टर आत घेता येईना. आमची गल्ली उताराची आहे. सासूबाईंनी तो बाईंच्या दारासमोरच, तोंड उताराकडे करून उभा केला आणि चाकांना दगड लावले. कॅप्टनांनी जाता जाता टर्मिनलला आणखी थोडं ग्रीस लावलं. बायकोने बॉनेटवर जुनी रजई टाकली. मिस्त्री येऊन फिल्टरवर दोन टिचक्या मारून गेले.

सकाळी सासूबाईंनी किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला.

काळी दोन लागायच्या आत सुरू झाला. बाईंचा क्लास गोंधळला. कॅप्टन टोपी न घालता धावत आले आणि म्हणाले, “बघा, ग्रीस.” बायको म्हणाली, “रजई.” मिस्त्रींना निरोप गेला तर त्यांनी उलट निरोप पाठवला, “टिचकी.” माझा त्यात कशातच हात नव्हता. खांब पाडण्याचं श्रेय मात्र आपणहून मला मिळालं.

मग गवंडी आला, खांब उभा राहिला, फाटक बसलं आणि ट्रॅक्टर शेडमध्ये गेला. ग्रीस होतं, रजई होती, टिचक्याही मारून घेतल्या होत्या. सकाळी घर्र घर्र घर्र. सासूबाई सीटवरून उतरल्या, किल्ली पदराला पुसली आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या बागेत गेल्या नाहीत. बायको मला म्हणाली, “आईला असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही हो.” मीही पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी गायनाच्या बाई आल्या. त्यांच्या हातात ब्रश होता.

“तुमच्या ट्रॅक्टरने माझ्या दारात डिझेलचा डाग पाडलाय,” त्या म्हणाल्या. “घासून घासून जात नाही. क्लासच्या मुलींना वासाने ठसका लागतो.”

“सॉरी हं,” मी सवयीने म्हणालो. मग विचारलं, “डाग? कुठे?”

त्यांनी दाखवला. तळहाताएवढा डाग होता. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि बसूनच राहिलो. बाईंना वाटलं मला पश्चात्ताप झालाय. मला वेगळंच झालं होतं. शेडमध्ये इतक्या दिवसांत थेंब नाही आणि गल्लीत एका रात्रीत डाग? आमच्या ट्रॅक्टरची टाकी मागे, सीटखाली आहे, बरीच खाली. इंजिन पुढे. शेडमध्ये सपाटीवर पंपाला डिझेल खालून वर ओढून घ्यावं लागतं. पण तोंड उताराला केलं की टाकी वर आणि इंजिन खाली. डिझेल आपोआप पुढे येणार. आणि वाटेत कुठे बारीक फट असेल तर तिच्यातून ते ठिबकणार. तीच फट सपाटीवर काय करेल? डिझेल बाहेर सोडणार नाही. हवा आत घेईल. रात्रभर घेईल. लाइनीतलं डिझेल निवांत टाकीत परत जाईल आणि सकाळी पंप ओढेल ती नुसती हवा.

“बाई,” मी म्हणालो, “हा डाग पुसू नका.”

“का?”

“पुरावा आहे.”

त्या ब्रश घेऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आता फट शोधायची होती. गवंडी खांबाची राहिलेली मापं घ्यायला परत आला होता. त्याच्या हातात पाणी भरलेली पारदर्शक नळी होती, लेव्हल बघायची. ती झटकून तो म्हणाला, “बुडबुडा राहिला की माप चुकतं.” मी त्या नळीकडे ज्या नजरेने पाहिलं ती ओळखून त्याने नळी पाठीमागे घेतली. लेव्हलची नळी कापून मागणं म्हणजे त्याच्या धंद्यावर सुरी चालवणं आहे, हे त्याने मला समजावलं. शेवटी टोकाचा चिरलेला वीतभर तुकडा, ‘परत मागू नका’ या अटीवर, त्याने दिला.

रविवारी सकाळी मी ट्रॅक्टरखाली झोपलो. हे वाक्य लिहिताना आजही मला बरं वाटतं. बायको वर उभी राहून पंपाची दांडी हाताने हलवत होती, आणि मी टाकीतून निघणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तो पारदर्शक तुकडा जोडून डोळे लावून पडलो होतो. बसवताना अर्धा पेला डिझेल माझ्या कानात गेलं होतं.

“दिसतंय काही?” बायकोने विचारलं.

“स्वच्छ. एकही बुडबुडा नाही.”

“मग?”

“मग टाकी आणि हा पाइप निर्दोष. पुढे चला.”

तुकडा काढून मी तो फिल्टरच्या वाटीच्या पुढच्या बाजूला जोडला. यावेळी दुसऱ्या कानात गेलं. बायकोने दांडी हलवली आणि नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ निघाली. मोठे, छोटे, एकमेकांना ढकलत. मी आयुष्यात बऱ्याच सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, लग्नात बायकोलाही पाहिलं आहे. तरी त्या बुडबुड्यांची नोंद वेगळी करावी लागेल.

“आई,” मी ट्रॅक्टरखालून हाक मारली, “जरा बाहेर येता का?”

सासूबाई आल्या, वाकल्या, आणि गुडघे दुखतात हे विसरून माझ्याशेजारी जमिनीवर आडव्या झाल्या. दोघं नळीकडे बघत राहिलो. “वाटी,” त्या हळूच म्हणाल्या.

“वाटीची रिंग,” मी म्हणालो.

वाटी उघडली. आतली रबरी रिंग रबरी म्हणायच्या लायकीची उरली नव्हती. मिस्त्रींनी वाटी तीनदा धुतली होती आणि तीनदा तीच वाळून कडक झालेली रिंग परत बसवली होती. मी ती वाकवली तर कट्कन मोडली.

नवी रिंग मिळवणं हा वेगळा अध्याय आहे. वाटी पिशवीत घालून मी बसने बाजारात गेलो. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. एक दुकानदार म्हणाला, मॉडेल बंद झालंय. दुसरा म्हणाला, कंपनीच बंद झालीय. तिसऱ्याने माळ्यावरून एक खोका उतरवला, त्यातल्या रिंगा एकेक करून वाटीला लावून पाहिल्या आणि एक बरोबर बसली. ती लाँचच्या इंजिनाची निघाली. कॅप्टनांना हे कळल्यावर त्यांनी टोपी सरळ केली आणि सगळ्या गल्लीला सांगितलं की शेवटी उपाय आमच्याकडचाच लागला.

तपासनीस आले त्या सकाळी फाटकाशी इतकी माणसं होती की मला नव्या खांबाची काळजी वाटली. कॅप्टन, गायनाच्या बाई, त्यांच्या मुली, टँकरवाला, आणि थोडे लांब, हाताची घडी घालून मिस्त्री. तपासनीस उंच आणि गंभीर होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. थंड आहे याची खात्री केली. जमिनीकडे पाहिलं, सपाट आहे. मग बाजूला होऊन म्हणाले, “करा.”

सासूबाईंनी किल्ली फिरवली. मी श्वास धरून ठेवला होता, तो सोडायलाही वेळ मिळाला नाही. ट्रॅक्टर सुरू झाला होता.

तपासनिसांचं पेन अजून खिशात होतं. “बंद करा,” ते म्हणाले. “परत.”

परत सुरू झाला. त्यांनी टाकी पाहिली, लाइन पाहिली, खाली वाकून वाटी पाहिली. “रिंग नवीन दिसते. कोणत्या मिस्त्रीचं काम?”

फाटकाशी एकदम चार-पाच जणांनी बोलायला तोंड उघडलं. पण सासूबाईंचा आवाज आधी आला. इंजिन चालू होतं, त्यामुळे त्यांना तो चढवावा लागला, आणि त्यांनी तो गरजेपेक्षा बराच चढवला.

“मिस्त्रीचं नाही. आमच्या जावईबुवांनी स्वतः शोधून काढलं. खाली झोपून.”

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं. “वर्कशॉप कुठे आहे तुमचं?”

मी इस्त्रीच्या पँटमध्ये होतो, ऑफिसला निघालो होतो. तरी त्यांनी तसं विचारलं. मी जन्म-मृत्यू खात्याचं नाव सांगितलं तेव्हा ते जरा विचारात पडले आणि ‘वाहन सुस्थितीत’ असं लिहून सही करून गेले.

मी ऑफिसला निघालो तर सासूबाई म्हणाल्या, “बसा, सोडते.” मी मडगार्डवर बसलो. ऑफिस उजवीकडे होतं, त्यांनी ट्रॅक्टर डावीकडे वळवला. बाजाराच्या रस्त्याने जाऊन मिस्त्रींच्या गॅरेजच्या बरोबर समोर त्या थांबल्या. मिस्त्री आमच्या आधी परत पोचले होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. इंजिन बंद केलं, पदर नीट केला, समोरच्या झाडाकडे थोडा वेळ बघितलं आणि परत किल्ली फिरवली. लगेच सुरू. मग फळांच्या घाऊक दुकानासमोर तेच. मग चौकात.

गरम इंजिन पूर्वीही सुरू होतच होतं; शास्त्रीय दृष्ट्या या सगळ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. हे त्या मडगार्डवरच्या माणसाइतकं त्या गावात कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

बागेच्या टोकाशी, जिथे रस्ता संपतो तिथे, त्यांनी ट्रॅक्टर उभा केला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरल्या. मग सीटवर हाताने थोपटून म्हणाल्या, “आता तुम्ही.”

“मला चालवता येत नाही, आई.”

“चालवा कुठे म्हणतेय? सुरू करा.”

मी मडगार्डवरून सीटवर सरकलो. सीट अजून गरम होती. किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सगळा ट्रॅक्टर माझ्याखाली थरथरला आणि एका लयीत ठोके टाकू लागला. गिअर टाकायचा प्रश्न नव्हता. ऑफिसची वेळ कधीच टळून गेली होती. सासूबाई मागच्या चाकाला टेकून उभ्या राहिल्या, आणि इंजिन बंद करायचं दोघांपैकी कोणालाच सुचेना.